इंटरडिसिप्लिनरी डिग्री: "पैसे किती मिळतात?" याचा हिशोब कसा मांडायचा

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. बी.एस्सी. केमिस्ट्री, शेवटचं वर्ष. दोन ठिकाणी नंबर लागेल असं दिसतंय: एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र. तिला दुसरं हवंय, कारण पुढे रिसर्च करायचाय आणि पाण्याचा विषय तिला मनापासून आवडतो. "पण ताई, पप्पा एकच विचारतात, ह्याला पैसे किती मिळतात? मला काही सांगताच येत नाही."

मलाही पटकन सांगता आलं नाही. सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या घरी जेवणाच्या ताटावर आला होता, आणि मी "आवड महत्त्वाची" वगैरे बोलून वेळ मारून नेली होती. आज पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात आहे. द्राक्षबागांच्या पट्ट्यातल्या विहिरींमध्ये कीटकनाशकांचे अंश किती उतरतात ते मोजते, आणि फवारणीवर होणाऱ्या खर्चाशी त्याचा काय संबंध लागतो ते बघते. म्हणजे अर्धी केमिस्ट, अर्धी अर्थशास्त्राची उशिरा आलेली विद्यार्थिनी. दुसऱ्या अर्ध्याने एक गोष्ट शिकवली: वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो अर्धवट होता. पूर्ण केला तर त्याचं उत्तर निघतं. तेच या लेखात करून बघू. उदाहरण पर्यावरणशास्त्राचं घेते कारण ते मी जगले आहे. बायोइन्फर्मेटिक्स, सस्टेनेबिलिटी, डेव्हलपमेंट स्टडीज असं काही निवडणाऱ्यांना आकडे बदलून हीच रीत वापरता येईल.

आधी एक सापळा. डिग्रीची किंमत म्हटलं की आपण माहितीपत्रकातला "सरासरी पॅकेज"चा आकडा शोधतो. अर्थशास्त्रात शिक्षणाच्या परताव्याचा हिशोब खूप जुना आहे. गॅरी बेकर यांचं "ह्युमन कॅपिटल" 1964 सालचं, आणि जेकब मिन्सर यांनी शिक्षणाची वर्षं आणि कमाई यांचं समीकरण 1974 च्या पुस्तकात मांडलं. पण या सगळ्या हिशोबांना एक रोग जडलेला असतो, त्याला सिलेक्शन बायस म्हणतात. एखाद्या कोर्सची मुलं जास्त कमावत असतील, तर ते कोर्समुळे की मुळात तिथे कोण जातं यामुळे? मुंबईत घर, इंग्रजी माध्यम, काकांची कन्सल्टन्सी, असा मुलगा सस्टेनेबिलिटीची डिग्री घेऊन चांगल्या पगारावर लागला, तर तो पगार डिग्रीचा की काकांचा? हे वेगळं करायच्या पद्धतींवर जेम्स हेकमन यांना 2000 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, यावरून ते किती अवघड आहे याचा अंदाज येईल. आपल्यापुरता अर्थ एवढाच: दुसऱ्याच्या पगाराची सरासरी हा तुमचा पगार नव्हे. तुमच्या डिग्रीने तुमच्यासाठी कोणती दारं उघडतात आणि कोणती बंद होतात, हे मोजायचं.

फी हा सगळ्यात छोटा आकडा

घरी चर्चा फीवर अडकते. फी बघायलाच हवी. अनुदानित विभाग आणि विनाअनुदानित कोर्स यांच्या फीत बराच फरक असतो आणि नवे इंटरडिसिप्लिनरी कोर्स बरेचदा विनाअनुदानित असतात. पण मोठा खर्च पावतीवर छापलेला नसतो. त्याला संधी खर्च म्हणतात: शिकत असताना जी कमाई आपण सोडून देतो ती. एम.एस्सी.च्या बाबतीत गंमत अशी की केमिस्ट्री घ्या की पर्यावरणशास्त्र, दोन्हींत दोनच वर्षं जातात. म्हणजे संधी खर्च दोन्हीकडे सारखाच. मग फरक कुठे पडतो? डिग्री हातात आल्यानंतर.

ज्यांना रिसर्च करायचाय त्यांच्यासाठी पहिला आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे फेलोशिप. आकडेच मांडते. यूजीसी आणि सीएसआयआरची जेआरएफ 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, आणि दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर 42,000. घरभाडे भत्ता वेगळा, तो सध्या सोडून देऊ. दोन वर्षांचे 8,88,000 आणि पुढच्या तीन वर्षांचे 15,12,000, मिळून पाच वर्षांत बरोबर 24 लाख.

आता नेट-जेआरएफ नसलेला विद्यार्थी. केंद्रीय विद्यापीठात असेल तर नॉन-नेट फेलोशिप महिना 8,000. चार वर्षं मिळाली तर 3,84,000. आपल्या राज्य विद्यापीठांत तेही गृहीत धरता येत नाही. विद्यापीठाची किंवा एखाद्या प्रोजेक्टची छोटी मदत असली तर असली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपने बऱ्याच जणांना तारलंय, पण तिथे आपण त्या-त्या गटात बसावं लागतं आणि जागा मोजक्याच असतात.

तिसरी बाजू म्हणजे पीएच.डी. न करता नोकरी. समजा एम.एस्सी.नंतर 25,000 पगाराची नोकरी लागली आणि दरवर्षी 8 टक्के वाढ मिळाली (हे माझं गृहीतक, तुम्ही तुमच्या भागातला आकडा घाला), तर पाच वर्षांत साधारण 17 लाख 60 हजार होतात.

तिन्ही आकडे शेजारी ठेवा. जेआरएफ असेल तर पीएच.डी.ची पाच वर्षं त्या नोकरीपेक्षा सहा लाखांनी पुढेच आहेत. जेआरएफ नसेल तर तीच पीएच.डी., तोच गाईड, तोच विषय, आणि आपण जवळजवळ 14 लाखांनी मागे. मी पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा थोडा वेळ नुसती बघत बसले. आम्ही घरी फीच्या फरकावरून महिनाभर वाद घातला होता. तो फरक या आकड्यांपुढे किरकोळ होता.

आता एम.एस्सी.च्या निवडीकडे परत या. तुमची डिग्री तुम्हाला नेटच्या कोणत्या पेपरसाठी तयार करते? सीएसआयआर-नेटचे विषय पाचच आहेत: केमिकल, फिजिकल, मॅथेमॅटिकल, लाइफ आणि अर्थ सायन्सेस. पर्यावरणशास्त्र त्यात स्वतंत्र नाही. ते यूजीसी-नेटमध्ये आहे. गेटमध्येही 2021 पासून एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा पेपर आला. म्हणजे या डिग्रीला निदान स्वतःचं दार आहे. पण "एम.एस्सी. इन अमुक अँड तमुक स्टडीज" असं नवं, लांबलचक नाव असलेल्या कोर्सला बरेचदा स्वतःचा पेपरच नसतो. मग त्या मुलांना जवळच्या विषयाच्या पेपरला बसावं लागतं, आणि स्पर्धा असते त्या मुलांशी ज्यांनी पाच वर्षं फक्त तोच विषय घोटलाय. प्रवेश घेण्याआधी त्या नेट पेपरचा सिलॅबस आणि कोर्सचा सिलॅबस समोरासमोर ठेवून बघणं, एवढ्या एका संध्याकाळच्या कामाचं मोल वीस लाख आहे.

सर्टिफिकेटवरचं नाव

दुसरा फरक नोकरीच्या जाहिरातीत सापडतो, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

एम.एस्सी. झाल्यावर मधलं एक वर्ष मी घरी होते. जवळच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीसाठी तासिका तत्त्वावर शिक्षक हवे होते. माझं बी.एस्सी. केमिस्ट्री, एम.एस्सी.त निम्मे पेपर अॅनालिटिकल केमिस्ट्रीचे, प्रोजेक्ट गॅस क्रोमॅटोग्राफीवर. अर्ज छाननीतच बाद. कारणाच्या रकान्यात तीन शब्द: "पदव्युत्तर विषय भिन्न". मी गुणपत्रिका घेऊन गेले, पेपरांची नावं दाखवली. क्लार्कने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आम्हाला वरचं नाव बघायचं असतं, आतलं नाही." राग आला होता. आता वाटतं, या विषयावरचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं.

नियम बघितला तर तो इतका कडक नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी संबंधित, सुसंगत किंवा संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी चालते. पण "संलग्न" म्हणजे काय हे ठरवतं कोण? विद्यापीठ, निवड समिती, कधी छाननी करणारा माणूस. जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने जो मसुदा काढला, त्यात नेट किंवा पीएच.डी.च्या विषयावरून पात्रता धरण्याची मोकळीक मांडली होती. ते ऐकून आमच्या लॅबमध्ये चहा झाला. पण मसुद्याच्या भरवशावर दोन वर्षं आणि लाखभर रुपये लावू नयेत. ज्या नोकरीकडे तुमचा डोळा आहे, तिच्या जाहिरातीत काय छापलंय तेच खरं.

पर्यावरणशास्त्राच्या बाबतीत यात एक खास विनोद आहे. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले, 2003 साली ते पुन्हा बजावले, आणि त्यानंतर पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणाचा पेपर लागला. म्हणजे बी.कॉम.च्या मुलालाही तो आहे. तर मग पर्यावरणशास्त्राच्या शिक्षकांना केवढी मागणी हवी! आमच्या कॉलेजात तो पेपर भूगोलाचे सर शिकवायचे, त्याआधी बॉटनीच्या मॅडम. विषय सक्तीचा झाला म्हणून त्या विषयाचं पद तयार होतं असं नाही. कोर्सच्या माहितीपत्रकात "या क्षेत्राला प्रचंड मागणी" असं वाचलं की हा किस्सा आठवा आणि विचारा: मागणी विषयाला आहे की त्या नावाच्या पदाला?

बाजारात काय चालतं

शिकवण्यापलीकडे मात्र चित्र बरं आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए अधिसूचनेनंतर मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचं काम वाढलं. सेबीने मोठ्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला, त्यातून ईएसजीच्या नोकऱ्या आल्या. दोन्ही कामं मुळातच आंतरविद्याशाखीय. इथे तरी आपलीच चलती असणार, नाही का?

थोडं थांबा. ईआयए करणाऱ्या कन्सल्टन्सीला एनएबीईटीची मान्यता लागते. त्या योजनेत कामाचे बारा विषय पाडले आहेत: हवाप्रदूषण, जलप्रदूषण, भूजल, परिसंस्था आणि जैवविविधता, ध्वनी, जमिनीचा वापर, सामाजिक-आर्थिक, घनकचरा वगैरे. प्रत्येकाला त्या विषयासाठी मान्यता असलेला तज्ज्ञ. अहवाल सगळे विषय एकत्र आणतो, पण सही करणारा प्रत्येक जण आपापल्या खणातला असतो. ज्या धंद्याचा जीवच इंटरडिसिप्लिनरी आहे, तोसुद्धा माणूस घेताना विचारतो, "तुम्ही यातलं नक्की काय?" मुलाखतीत "सर, मला सगळ्याचं थोडं थोडं येतं" हे उत्तर तिथे चालत नाही. माझ्या बॅचमधल्या ज्यांचं लवकर जमलं, त्यांच्यापैकी एकीला जीआयएस नीट येत होतं आणि एकाला पक्षी. बाकी आम्ही "पर्यावरणवाले" होतो.

मायकल स्पेन्स यांनी 1973 मध्ये याचं कारण सांगितलं होतं (2001 च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा आहे). नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो डिग्रीकडे खूण म्हणून बघतो, सिग्नल म्हणून. "एम.एस्सी. ऑरगॅनिक" ही खूण औषध कंपनीच्या एचआरला पाठ आहे, हजार वेळा बघितली आहे. इंटरडिसिप्लिनरी कोर्सचा सिलॅबस दर विद्यापीठात वेगळा, म्हणून खूण पुसट. तुम्ही कच्चे आहात असा त्याचा अर्थ होत नाही, तुम्ही वाचता येत नाही एवढंच. म्हणून दुसरी ठळक खूण जोडावी लागते: एखादं उपकरण स्वतःच्या हाताने चालवल्याचा अनुभव, नेट, एखादा पेपर, सॉफ्टवेअर. क्यूजीआयएस आणि आर दोन्ही मोफत आहेत, एनपीटीईएलचे कोर्स शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेची फी तेवढी भरायची. खर्च कमी, पण वेळ जातो, आणि तो वेळ एम.एस्सी.च्या दोन वर्षांतच काढावा लागतो. हा या डिग्रीचा लपलेला हप्ता आहे. केमिस्ट्रीच्या मुलाला तो बहुधा भरावा लागत नाही.

पीएच.डी. झालेल्यांचं काय, यावरही अभ्यास झाले आहेत. कॉर्नेलच्या केव्हिन निफिन आणि अँड्र्यू हँक्स यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरेटधारकांची माहिती तपासली. आंतरविद्याशाखीय प्रबंध लिहिणाऱ्यांची पुढच्याच वर्षातली कमाई जवळपास 2 टक्क्यांनी कमी दिसली. दोन टक्के! मी तर मोठ्या खड्ड्याची तयारी ठेवून वाचत होते. अर्थात ती अमेरिका आहे आणि तो एकाच वर्षाचा आकडा आहे, इथे तसाच लावता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा अभ्यास जास्त बोचतो: 2016 मध्ये "नेचर"मध्ये ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या रिसर्च कौन्सिलकडे आलेले अठरा हजारांहून जास्त प्रस्ताव तपासले, तर प्रस्ताव जितका आंतरविद्याशाखीय तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी. आणि एरिन लीही यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की असं संशोधन करणाऱ्यांचे पेपर कमी होतात, पण त्यांना उद्धृत जास्त केलं जातं. तिन्ही एकत्र वाचले तर मला एकच गोष्ट दिसते. तोटा पगाराच्या आकड्यात फारसा नाही. तो उशिरात आणि नकारात आहे.

आणि उशिराला किंमत असते. आजचे एक लाख आणि सात वर्षांनंतरचे एक लाख सारखे नाहीत. 8 टक्के व्याजाने धरलं तर सात वर्षांनी मिळणाऱ्या लाखाचं वर्तमान मूल्य साधारण 58,000. पण हा दर पुस्तकातला. ज्याच्या घरी सोसायटीचं कर्ज आहे, धाकट्या बहिणीची अॅडमिशन आहे, त्याच्यासाठी खरा दर याहून कितीतरी जास्त असतो. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, हे खरं. ते वयाच्या 27 व्या वर्षी मिळतंय की 36 व्या, यावर आई-वडिलांची मधली नऊ वर्षं कशी जातात ते ठरतं. म्हणून "पॅशन असेल तर पैसा येतोच" असं कोणी स्टेजवरून म्हणालं की मला त्यांच्या घरी तेव्हा कोण कमावत होतं ते विचारावंसं वाटतं.

मग त्या ज्युनिअरला मी काय सांगितलं? पर्यावरणशास्त्र घेऊ नको असं नाही सांगितलं. मी स्वतः पुन्हा निवडलं तरी हेच घेईन, कारण माझा प्रश्न एकट्या केमिस्ट्रीत मावत नाही. पण तिला तीन कामं दिली. तिला खरोखर आवडतील अशा पाच नोकऱ्यांच्या मागच्या दोन वर्षांतल्या जाहिराती काढायच्या आणि पात्रतेच्या रकान्यात कोणत्या डिग्रीचं नाव आहे ते वहीत उतरवायचं. विभागात जाऊन मागच्या तीन बॅचपैकी किती जणांना जेआरएफ मिळाली, कोणत्या विषयात, हे विचारायचं. पॅकेज विचारायचं नाही. आणि जेआरएफसाठी स्वतःला किती प्रयत्न द्यायचे आणि ते संपले तर काय करायचं, हे आत्ताच पप्पांसमोर बसून ठरवायचं. मी चार प्रयत्न केले होते. तिसऱ्यानंतर घरी कोणी काही बोललं नाही, ते न बोलणंच जास्त जड होतं.

परवा तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाच जाहिरातींपैकी दोनांत पर्यावरणशास्त्राचं नाव होतं, दोनांत फक्त केमिस्ट्री, आणि एकात "किंवा समकक्ष". जेआरएफची माहिती विभागात कोणाकडे लिहिलेली नव्हती, पण एका सरांनी आठवून तीन नावं सांगितली. त्यातल्या एकीशी ती बोलली. खाली पेन्सिलने तिच्या वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: "समकक्ष म्हणजे काय? विद्यापीठात विचारणे." सोमवारी दोघं जाणार आहेत. उत्तर लेखी मागा, एवढं मी कळवलंय.